बगळा बोलण्याआधी

एक

मेलेल्या माणसाने लिहिलेला कागद प्रयोगशाळेच्या प्रिंटरमधून बाहेर पडला, तेव्हा त्याला जाऊन पंधरवडा उलटला होता. कागद ताजा होता, छपाई ताजी होती.

‘वसाहतीच्या मोठ्या टाकीतील पाणी. निष्कर्ष : पिण्यास अयोग्य. पुरवठा ताबडतोब बंद करावा.’ खाली तपासनिसाचं नाव होतं. सहीची जागा कोरी होती.

त्याच टाकीच्या त्याच नमुन्याचा दुसरा अहवाल आधीपासून फायलीत होता. त्यावर ‘पिण्यास योग्य’ असं छापलेलं होतं आणि खाली त्याच तपासनिसाची ठळक सही होती. तो अहवाल घेऊन वसाहतीचे चिटणीस निर्धास्त घरी गेले, नळ चालू राहिले, आणि आठवडा संपायच्या आत घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीची माणसं हळूहळू उठून बसली. चार वर्षांचा एक मुलगा उठला नाही.

तपासनीस गृहस्थांना अख्खी प्रयोगशाळा थेंबकाका म्हणायची. नळीतून थेंब सोडताना ते श्वासदेखील बेताने घेत, म्हणून हे नाव. वसाहतीतला पहिला माणूस आजारी पडायच्या आधीच, एका रविवारी दुपारी, ते झोपेत गेले. म्हणजे बोट दाखवायला माणूस होता आणि उलटून बोलायला नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे उलटं होतं, मेलेल्या माणसावर मणभर दोष टाकून सगळे मोकळे झाले होते. आणि त्यात हा कागद आला.

मुख्य कचेरीने मला धाडलं. अशी भानगड निघाली की मलाच धाडतात. माझ्यामागे मला ‘चाळण’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला राग नाही. फक्त चाळणीला गुडघे नसतात, मला आहेत, आणि ही प्रयोगशाळा दुमजली निघाली.

साहेबांच्या टेबलावर एक कागदसुद्धा नव्हता. इतकं स्वच्छ टेबल पाहिलं की माझं डोकं आपोआप फिरतं.

“सरळ प्रकरण आहे, मॅडम,” ते म्हणाले. “बापाचं नाव वाचवायला लेकीने केलेली बनवाबनवी. ती इथेच कामाला आहे, नमुने गोळा करून आणते. बापाचा पासवर्ड तिला माहीत. तुम्ही आज हो म्हणालात की मी तिला काढून टाकतो आणि पोलिसांत तक्रार देतो.”

“आणि तिने तो कागद काढलाच नसेल तर?”

“मग काय थेंबकाकांनी वरून धाडला?” साहेब मोठ्याने हसले.

मला हसू आलं नाही. त्यांचा प्रश्न मला चांगला वाटला होता.

दोन

लेक मला बाटल्या धुवायच्या खोलीत सापडली. पंचविशीची असेल. रडून डोळे सुजलेली मुलगी भेटेल असं मला वाटलं होतं. ही रागाने धुमसत होती, आणि तो राग बाटल्यांवर निघत होता.

“मी काढला नाही तो कागद,” मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. “पण निघाला ते बरं झालं.”

“बरं कसं? तो तुझ्याच अंगावर शेकतोय.”

“शेकू दे. त्या मुलाची आई आमच्या दाराशी आली होती, मॅडम. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. नुसती उभी राहिली आणि गेली. माझे बाबा असं करणार नाहीत हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? खाली त्यांची सही आहे.”

“सही त्यांचीच?”

“त्यांचीच. तेच तर कळत नाही.” तिने नळ बंद केला. “एका आकड्याची शंका आली तर बाबा सगळा नमुना पुन्हा लावायचे. घरी वरणात मीठ टाकतानासुद्धा चमचा सपाट करायचे. आई असताना चिडायची त्यांच्यावर.”

आई जाऊन काही वर्षं झाली होती. घरात हे दोघंच होते. आता ही एकटी.

कागद निघाला त्या सकाळचं मी विचारलं. तिने जे सांगितलं ते साहेबांच्या बोलण्याशी जुळत होतं, आणि ते तिच्या विरुद्धच जात होतं. थेंबकाकांची वरची खोली ते गेल्यापासून कुलपात होती. किल्ली साहेबांच्या खणात. त्या सकाळी कॉम्प्युटरवाल्याला काम होतं म्हणून साहेबांनी ती काढून दिली. बाबांचा चष्मा आणि स्वेटर आतच राहिला होता, म्हणून ही त्याच्याबरोबर वर गेली.

“त्याआधी खोलीत कोणीच गेलं नव्हतं?”

“कसं जाणार? मी दोनदा किल्ली मागितली होती. साहेब म्हणाले, घाई काय आहे.”

“आणि त्या सकाळी तू कीबोर्डला हात लावलास?”

“त्यांच्या खुर्चीतसुद्धा बसले नाही मी. कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. विचारा पेंग्विनला.”

“पेंग्विनला?” मी विचारलं. माझा चेहरा पाहून पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आलं.

तीन

पेंग्विन म्हणजे कॉम्प्युटरवाला. चाळिशी ओलांडलेला, दाढी वाढवलेला, आणि पाठीवरच्या पिशवीवर हे एवढं पेंग्विनचं चित्र. प्रयोगशाळेतले सगळे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालत, पेंग्विन ही तिचीच खूण, आणि लिनक्सचं नाव निघालं की हा गृहस्थ घरचं लग्न असल्यासारखा खुलायचा. मी त्याला हात करून थांबवलं.

“मला एवढंच सांगा, त्या सकाळी तुम्ही काय केलंत. मी अडाणी आहे असं समजून सांगा.”

त्याने नीट सांगितलं. वरच्या मजल्यावर एक जुना प्रिंटर होता. त्याला लहर आली तर छापायचा, नाहीतर दिवसभर रुसून बसायचा. शेवटी तो भंगारात दिला. खालच्या हॉलमध्ये नवा मोठा प्रिंटर आला, आणि वरच्या सगळ्या कॉम्प्युटरनी आता तोच मिळून वापरायचा होता.

“पण त्यांना आपोआप कसं कळणार? म्हणून एकेका कॉम्प्युटरवर बसून त्याला सांगावं लागतं, बाबा रे, तुझा प्रिंटर आता खाली राहायला गेला, हा त्याचा पत्ता. मग एक चाचणीचा कागद छापायचा. खाली निघाला की काम फत्ते.”

कॉम्प्युटरना त्याने पाखरांची नावं दिली होती. वजनाच्या खोलीतला चिमणी, थेंबकाकांचा बगळा, भट्टीजवळचा घार.

“बगळा का?”

“एका जागी तासन्‌तास उभं राहणारा माणूस तो,” पेंग्विन म्हणाला आणि पिशवीचा पट्टा चाळवू लागला. थेंबकाका त्याला आवडत असावेत.

“वर कुठलं यंत्र आधी केलंत?”

“चिमणी, मग बगळा, मग घार. त्याच ओळीने.”

“बगळ्यावर काम करताना मुलगी कुठे होती?”

“स्टुलावर. स्वेटर मांडीवर घेऊन.”

“तुम्ही मध्ये उठलात?”

“छे. पत्ता घातला, चाचणीचा कागद सोडला, मग उठलो आणि घारीकडे गेलो.” तो घुटमळला. “ती मात्र मागे थांबली. जरा वेळ बसते म्हणाली. मी काय बोलणार?”

झालं. म्हणजे साहेब म्हणतात ते खरं असू शकत होतं. कॉम्प्युटर नव्या प्रिंटरला जोडलेला, पासवर्ड माहीत, आणि खोलीत मुलगी एकटी. मला ती मुलगी आवडली होती, आणि चौकशीत माणूस आवडलं की माझं काम नेहमीच अवघड होतं.

“तिने तिथून काही छापलं का, हे यंत्राला विचारता येईल?”

“येईल की. बगळा सगळं लक्षात ठेवतो.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. “पण विचारायचं तर लवकर विचारा. साहेबांनी तो पुसून कोरा करायला सांगितलाय. नवा माणूस येतोय म्हणे.”

“कधी?”

“आत्ता, जेवण झालं की बसणार होतो.”

“तर मग आज जेवू नका,” मी म्हणाले.

चार

बगळ्याला विचारण्याआधी मला खालच्या हॉलमध्ये जायचं होतं. यंत्र काय ते सांगेलच, पण ते काय सांगायला हवं हे मला आधी कळलेलं बरं असतं. नाहीतर माणसं यंत्राचं बोलणं आपल्याला हवं तसं फिरवतात.

हॉलमध्ये टायपिस्टबाई बसायच्या. मरणाच्या काटकसरी. पेन्सिल बोटात धरता येईनाशी होईपर्यंत वापरायच्या. तो कागद त्यांनीच ट्रेमध्ये पाहिला आणि साहेबांकडे नेला होता. पण त्याबद्दल विचारलं की त्यांची नजर टाइपरायटरच्या जमान्यातल्या त्यांच्या जुन्या टेबलाच्या खणाकडे जायची आणि परत यायची. दोनदा गेली. खण अर्धवट उघडा होता. मी पाहतेय हे कळताच त्यांनी तो गुडघ्याने ढकलून बंद केला.

चोराच्या मनात चांदणं.

“लिहायला एखादा कागद द्या हो,” मी म्हणाले.

त्यांनी चिमट्याला लावलेला एक गठ्ठा पुढे केला. एका बाजूने छापलेले, दुसरी बाजू कोरी असलेले पाठकोरे कागद. वाया गेलेला एकही कागद ही बाई टाकत नसे, त्यांच्या कच्च्या लिखाणाच्या वह्याच तयार करायची.

वरच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी होती. सवयीने मी तो उलटला. पाठीमागे एकच ओळ होती : ‘घार बोलतेय.’

पेंग्विनचे चाचणीचे कागद! मी खालचा उलटला. ‘बगळा बोलतोय.’

त्याच्या खालचा उलटला आणि माझा हात तिथेच थांबला. ‘वसाहतीच्या मोठ्या टाकीतील पाणी. निष्कर्ष : पिण्यास अयोग्य.’

त्याच्या खालचाही तोच. शब्दाशब्दाने तोच. आणि त्याखाली ‘चिमणी बोलतेय.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. साऱ्या प्रयोगशाळेचं लक्ष साहेबांच्या हातातल्या एका कागदाकडे होतं, आणि त्याची भावंडं इथे भाजीच्या यादीखाली पडलेली होती.

“बाई, असे किती कागद आले होते?”

“तीन,” त्या चाचरत म्हणाल्या. “ट्रेमधला गठ्ठा उचलला, चाळला, तर तीन सारखेच. एक ओढून काढला आणि साहेबांना नेऊन दिला. बाकीचे जसेच्या तसे चिमट्याला लावले. उगाच चांगले कागद कशाला फुकट घालवायचे?”

“पुढेमागे केले नाहीत ना?”

“कशाला करू?”

“आणि तीन होते हे साहेबांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

मी प्रिंटरपाशी जाऊन पाहिलं. कागद पालथा बाहेर पडायचा, कोरी बाजू वर. पुढचा त्याच्यावर. म्हणजे गठ्ठ्यात जो वर तो शेवटी आलेला, जो खाली तो आधी आलेला. मी तो गठ्ठा पुन्हा खालून वर चाळला. चिमणी. मग ते अहवाल. मग बगळा. मग घार.

गुडघे विसरून मी जिना चढायला लागले.

पाच

पण मध्येच थांबले, कारण निम्मंच कोडं सुटलं होतं. अयोग्यचा कागद कुठून आला ते मला दिसायला लागलं होतं. योग्यचा कुठून आला? त्याखालची सही तर लेकीनेसुद्धा ओळखली होती.

मी फायली मागवल्या आणि लेकीला समोर बसवलं. सही असलेला अहवाल तिच्यापुढे ठेवला. तिने तो आजवर नीट वाचलाच नव्हता. वाचवला नव्हता तिला. सहीवर नजर पडली की कागद मिटायची, असं ती म्हणाली.

“सही झाक. फक्त आकडे वाच.”

ती वाचू लागली. मग तिच्या कपाळावर आठी आली. तिने न विचारता फाईल ओढली, मागची पानं उलटली, आणि त्याच टाकीचा गेल्या खेपेचा अहवाल शेजारी ठेवला. क्षार, गढूळपणा, सगळं सारखं. दशांशापर्यंत सारखं.

“हे कसं होईल?” ती पुटपुटली. “एकाच नळाचं पाणी सकाळ-संध्याकाळ सारखं येत नाही, मॅडम. हे बाबांनी तपासलेलंच नाही. हे मागच्या खेपेचे आकडे उतरवलेत.”

“आणि खाली खरी सही.”

“आणि खाली खरी सही. म्हणजे सही आधी झालेली, आकडे मागाहून छापलेले,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी एकाच वेळी उठलो.

टायपिस्टबाईंनी या वेळी खण बंद केला नाही. मी हात पुढे केला आणि त्यांनी स्वतःच आतला गठ्ठा काढून दिला. प्रयोगशाळेचं नाव छापलेले कोरे कागद. प्रत्येकाच्या तळाशी थेंबकाकांची सही.

लेकीने तोंडावर हात धरला.

“त्यांचे गुडघे दुखायचे हो,” बाई रडवेल्या झाल्या. “वरचा प्रिंटर रुसला की एका सहीसाठी जिना उतरायचा, पुन्हा चढायचा. म्हणून मग सह्या करून ठेवायचे. फोनवर आकडे सांगायचे, मी इथे छापायचे. कधी चूक झाली नाही.”

“आणि वसाहतीचा अहवाल?”

बाईंनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. “त्या सोमवारी सगळं ऑफिस सुतकी चेहऱ्याने बसलं होतं. चिटणीस येऊन केबिनमध्ये बसले, अहवाल द्या म्हणाले. थेंबकाकांनी काय काढलं ते कोणालाच माहीत नाही. शनिवारी मी दुपारीच गेले होते, हॉलला कुलूप होतं, फोन घ्यायला इथे कोणी नव्हतं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, मागच्या वेळचेच टाका, त्या टाकीचं पाणी कधी खराब निघालंय? मी नोकर माणूस. टाकले.”

“आणि ते पोर गेल्यावर?”

बाई टेबलाची कडा घट्ट धरून बसल्या. मला त्यांची कीव आली आणि त्यांना एक ठेवून द्यावी असंही वाटलं.

सहा

बगळ्याच्या खोलीत आम्ही पाच जण मावलो. पेंग्विन उपाशीपोटी कॉम्प्युटरसमोर बसला होता. साहेब दारात उभे राहिले, बसायला नको म्हणाले. सह्यांच्या कागदांचं त्यांच्या कानावर गेलं होतं, पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते.

“माझ्याकडून कामाच्या गडबडीत चूक झाली असेल,” ते म्हणाले. “पण म्हणून हा कागद खरा ठरत नाही. तो पंधरा दिवसांनी छापलाय. प्रिंटर नवा, कागद नवे. मेलेला माणूस छापत नाही. या मुलीने बसून टाइप केला आणि छापला.”

“टाइप करणाऱ्याने सहीचा कागद का घेतला नाही?” मी विचारलं. “खाली खणात सह्यांचा गठ्ठा पडलाय. आणि खोटा कागद करणारा माणूस तो तुमच्या टेबलावर आणून ठेवेल. चाचणीच्या कागदांत टाकून भाजीची यादी लिहायला देणार नाही. तेही तीन-तीन.”

“हे सगळे अंदाज झाले.”

“बरोबर. आता अंदाज नको.” मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पेंग्विनच्या पुढ्यात ठेवला. “पत्ता घालायच्या आधी या बगळ्यावरून खालच्या प्रिंटरवर कागद निघू शकला असता?”

“शक्यच नाही. त्याला खालचा प्रिंटर माहीतच नव्हता.”

“आणि पत्ता घातल्यापासून चाचणीचा कागद सोडेपर्यंत खुर्चीत कोण होतं?”

“मी. दुसरं कोण?”

“मुलगी एकटी राहिली ती चाचणीचा कागद सोडल्यावर. तिने काही छापलं असतं तर ते ‘बगळा बोलतोय’च्या नंतर यायला हवं, म्हणजे या गठ्ठ्यात त्याच्यावर. हे कागद त्याच्या खाली आहेत. चिमणी बोलली, हे तीन आले, आणि मग बगळा बोलला. आता मला सांगा, पत्ता घातल्याबरोबर, तुम्ही काही छापायच्या आधी, या यंत्रातून आपोआप काय बाहेर पडेल?”

पेंग्विन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दाढी मुठीत धरली.

“रांगेत अडकलेलं,” तो हळूच म्हणाला. “अरे देवा. मी रांग पाहिलीच नाही.”

“सगळ्यांना कळेल असं सांगा.”

“छापायचं बटण दाबलं आणि प्रिंटरने उत्तर दिलं नाही, तर कागद फुकट जात नाही. यंत्राच्या पोटात रांगेत उभा राहतो. यंत्र बंद केलं, महिनाभर कुलपात ठेवलं, तरी तो उभाच. मी जुना प्रिंटर काढून टाकला पण रांग तीच ठेवली, तिला फक्त नवा पत्ता दिला. रांग मोकळी झाली, आणि जे कोणी ताटकळत होतं ते आधी गेलं. माझा चाचणीचा कागद त्यांच्या मागे.”

“म्हणजे हे तिन्ही कागद त्या सकाळच्या आधीच रांगेत होते. पण आधी तर खोली कुलपात होती. साहेब, किल्ली कोणाकडे होती?”

किल्ली त्यांच्याच खणात होती. त्यांनी स्वतः तर तो अहवाल लिहिला नसता.

“आता विचारा तुमच्या बगळ्याला,” मी म्हणाले.

पेंग्विनने काहीतरी टाइप केलं. पडद्यावर ओळी आल्या. छापले कधी, ती तारीख आम्हाला माहीत होती. रांगेत दिले कधी, ती तारीख त्याने मोठ्याने वाचली. थेंबकाका गेले त्याच्या आदल्या दिवसाची, शनिवार संध्याकाळची. एकदा दिलेला, लगेच पुन्हा दिलेला, आणि थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. प्रिंटर रुसला की आपण सगळे करतो तेच त्यांनी केलं होतं.

साहेब भिंतीला टेकले. “समोर येऊन बसलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवणार होतो मी?” ते म्हणाले. “दर वेळी चांगलंच असायचं ते पाणी.”

मग पेंग्विन उठला आणि त्याने साहेबांना बाहेर जायला वाट करून दिली.

सात

संध्याकाळी मी हॉलमध्ये बसून अहवाल लिहीत होते. लेक आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तिने आभार मानले. नोकरी राहिली, तक्रार टळली, बाबांच्या नावावरचा डाग पुसला गेला. हे सगळं ती बोलली, पण तिचा आवाज त्यात नव्हता. मी लिहीत राहिले. ती काय म्हणणार हे मला वरच्या खोलीतच कळलं होतं, आणि तिने ते म्हणू नये असं मला फार वाटत होतं.

“शनिवारी त्यांना कळलं होतं,” ती म्हणाली.

मी पेन ठेवलं.

“चिटणिसांचा फोन नंबर वसाहतीच्या प्रत्येक बाटलीवर असतो, मॅडम. मीच चिकटवते. बाटली त्यांच्या हातात होती. तीनदा बटण दाबलं त्यांनी. एकदा फोन लावला नाही.”

“सोमवारी करू असं म्हणाले असतील. सोमवार आपल्याला नाही हे कोणाला ठाऊक असतं?”

“नळ रविवारीसुद्धा चालू होते.” तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “त्या रात्री आम्ही पत्ते खेळलो. मला हरवलं त्यांनी. केवढे खूश होते! मला वाटलं, बरं झालं, शेवटचा दिवस आनंदात गेला. इतके दिवस मी तेवढ्यावर जगत होते.”

मग मी जे देता येईल ते दिलं. “हे बघ,” मी म्हणाले, “मला विचारलंय एवढंच की खोटा अहवाल कोणी काढला आणि खरा कुठून आला. दोन्हीची उत्तरं मिळाली. शनिवारी त्यांनी कोणाला कळवलं का, हे मला कोणीही विचारलेलं नाही. मी लिहिलं नाही तर नियम मोडत नाही.”

“मग बाबा साफ सुटतात?”

“साफ सुटतात.”

टायपिस्टबाई कधीच घरी गेल्या होत्या. पेंग्विन दारातून डोकावला आणि आमचे चेहरे पाहून पावलं न वाजवता निघून गेला.

“ती बाई पुन्हा येईल,” शेवटी लेक म्हणाली. “त्या मुलाची आई. या वेळी मीच जाईन तिच्याकडे. माझ्या बाबांनी त्या आकड्यांखाली सही केली नव्हती असं सांगीन. मग ती विचारेल, त्यांना माहीत होतं का? कोणीही आई विचारेल.” तिने नाक ओढलं. “लिहा.”

“नीट विचार कर, पोरी. एकदा लिहिलं की लिहिलं.”

“लिहा म्हटलं ना!” ती माझ्यावर ओरडलीच.

मी लिहिलं. सरळ, जेवढं घडलं तेवढं. ती माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि ओळीमागून ओळ वाचू लागली. एका जागी तिने बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘प्रिंटरच्या त्रासामुळे दूरध्वनी करण्याचे ते विसरून गेले असावेत.’

“हे खोडा,” ती म्हणाली. “बाबा विसरायचे नाहीत.”

मी खोडलं.